आबांची मच्छराची मशीन

अंगणात टांगायची ती डास मारायची निळी मशीन घ्यावी का, असं दर पावसाळ्यात मला कुणी ना कुणी विचारतं. मी विज्ञानाचा मास्तर, त्यामुळे माझ्याकडे याचं पक्कं उत्तर असणार, अशी लोकांची समजूत. मी आधी विचारतो, तुमच्याकडे कोंबड्या आहेत का? समोरच्याला वाटतं, मास्तर थट्टा करतोय. पण टेंभुर्णीला साहेबराव आबांच्या शेजारी राहिलेल्या माणसाला या मशीनचा विचार कोंबड्या सोडून करताच येत नाही.

टेंभुर्णीच्या शाळेवर होतो तेव्हा आबांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहायचो. मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून भाजीची वाटी, वर्तमानपत्र आणि आबांची मतं रोज माझ्याकडे यायची. वाटी आणि पेपर परत द्यावा लागे, मतं ठेवून घ्यावी लागत.

आबा गावचे माजी सरपंच. यातला 'माजी' हा शब्द त्यांनी एखाद्या पदवीसारखा मिरवला. जीपच्या मागे, दारावरच्या पाटीवर, भावकीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत. सरपंचकी गेली, पण उद्घाटनाची सवय काही गेली नाही. घरात नवा मिक्सर आला तरी त्याला हार पडायचा, नारळ फुटायचा आणि आबा दोन शब्द बोलायचे. आबांचे दोन शब्द म्हणजे भाजी करपेपर्यंतचा वेळ. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी गयाबाई, हातात शेंगदाण्याचा डबा घेऊन मुकाट उभ्या राहत आणि भाषण संपलं की पहिली चटणी वाटत. एकदा तर गोठ्यावर नवा पत्रा टाकला तेव्हा त्यांनी फीत लावली होती आणि ती कापायच्या आधीच म्हशीने खाल्ली.

दुसरी सवय पाण्याची. यात मात्र मला सहसा हसू येत नसे. टँकरमागे घागरी घेऊन धावणारी माणसं आबांनी सरपंच असताना पाहिली होती, एका हंड्यावरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली पाहिली होती. नळाला पाणी आलं की तो दिवस त्यांच्या घरी सणाचा. आणि ते परत कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून घरात जे जे पोकळ होतं ते ते भरून ठेवलेलं. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद, निळे ड्रम, रांजण, बैल विकल्यावर रिकामी झालेली दगडी डोण, तेलाचे पिंप. या सगळ्यांचा राजा म्हणजे एक बंद पडलेला फ्रिज. तो आडवा पाडून त्यात गळ्यापर्यंत पाणी भरलेलं असे आणि त्याचं दार झाकणासारखं वर उघडे. उघडे म्हणजे, उघडेच असे. बिजागरी गंजली होती.

पाऊस धो धो पडत असला तरी आबा पन्हळीखाली बादली लावत. माणूस पारखायची त्यांची तऱ्हाही पाण्याचीच. पुतणीसाठी धावड्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, शेती बागायती, सगळं जुळलेलं. आबा बघायला गेले आणि चहा घेऊन परत आले. मुलाने हात धुवायला अख्खा तांब्या ओतला, एवढंच कारण. "पाणी फेकून देणारा माणूस मला बराबर वाटत न्हाई," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पुतणीला पुढे जो नवरा मिळाला तो फारसा हातच धुवत नसे, असं काकू सांगायच्या.

त्या पाण्यात अळ्या होत्या. वळवळत खाली जायच्या, पुन्हा वर येऊन टेकायच्या. सगळ्यांना दिसत होत्या. काकू पाणी फडक्यातून गाळून घेत आणि रोज एकदा म्हणत, "मच्छर यातूनच होऊन राह्यलेत." आबांना ते ऐकूच येत नसे. आरोग्य खात्याच्या बाया गल्लीत पाणी तपासायला आल्या तेव्हा आबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, गावाच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास दिला आणि मागच्या अंगणात मात्र पाऊल टाकू दिलं नाही. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा, असं त्या म्हणाल्या तेव्हा आबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना घर विकायला सांगितलंय. त्या गेल्यावर भिंतीपलीकडून मला ऐकवलं, "सर, पाणी जित्तं हाय म्हणून त्याच्यात जीव हाय. मेल्या पाण्यात काही होत न्हाई." मी शाळेत सजीवांची लक्षणं शिकवून नुकताच आलो होतो.

आता यात खरं दुखणं होतं ते असं. आबांचा मुलगा प्रमोद पुण्याला नोकरीला. सून स्नेहल जालन्याची. नात ओवी, शाळेत जायला लागलेली. ओवी म्हणजे आबांचा जीव की प्राण. तिला डास चावला की अंगभर लाल चट्टे उठायचे. आणि एका दिवाळीला टेंभुर्णीहून परत गेल्यावर तिला डेंगू झाला. दवाखान्यात पोरीच्या हाताला सलाइन लावलेली आबांनी फोनवर पाहिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तेव्हापासून स्नेहलचा नियम ठरला. सणाला यायचं, दिवसभर राहायचं, आणि दिवेलागणीच्या आत गाडी काढून जालन्याला तिच्या माहेरी जायचं. रात्रीचा मुक्काम बंद. स्नेहलचं यात काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. काकूंनाही वाटलं नाही.

पण गावात मुक्कामाला किंमत आहे. पोरगा-सून येऊन दिवसाच परत गेले की लोक हिशेब लावतात. समोरच्या घरात कौतिकराव, माजी उपसरपंच, आबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. प्रमोदची गाडी गल्लीतून बाहेर पडली रे पडली की ते ओट्यावर येऊन विचारत, "पाव्हणे मुक्कामी न्हाई का, आबा?" मग आबा भाषणाला उभे राहिल्यासारखे छाती काढून कारण सांगत. कधी प्रमोदच्या साहेबाचा तातडीचा फोन आलेला असे, कधी गाडीचं काम निघालेलं असे, एकदा तर बालवाडीतल्या ओवीची परीक्षा होती. सांगून झालं की आत जात. त्या रात्री भिंतीवरून एकही मत यायचं नाही, आणि मला खरंच वाईट वाटायचं.

मशीन आली ती यासाठी. जालन्याच्या दुकानदाराने सांगितलं होतं, एकदा ही लावली की एकराभरातला मच्छर चालत येऊन मरतो. आबांनी खोकं जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून आणलं. काकू मागे बसल्या. मशीन म्हणजे कंदिलासारखं प्रकरण. आत निळ्या नळ्या, भोवती विजेची जाळी, खाली मेलेले किडे पडायला ताट. ती टांगायची जागा आबांनी निवडली ओट्यावर, बरोबर आमच्या बसायच्या जागेच्या डोक्यावर. तिने केलेलं काम गावाला दिसलं पाहिजे ना.

उद्घाटनाला अर्धी गल्ली होती. हार मशीनला घालता येईना, जाळीत करंट येणार, म्हणून तो मशीनच्या खोक्याला घातला. नारळ फुटला. आबांचे दोन शब्द झाले, त्यात गावाचा विकास, तरुणांची व्यसनं आणि मच्छर असे मुद्दे आले. मग बटण दाबलं. अंधार पडत होता. सगळ्या ओट्यावर निळा उजेड पसरला, आमचे चेहरे आजारी दिसायला लागले, आणि पहिला आवाज आला. चट्. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे आबा आवाजावरून मयत ओळखायला शिकले. बारीक चट् झालं की म्हणत, मच्छर. मोठा चटाक झाला की, मोठा मच्छर. एकदा जाळीत काहीतरी बराच वेळ तडतडत राहिलं आणि जळका वास सुटला, तेव्हा ते आदराने म्हणाले, "हा बाहेरगावचा दिसतो." काकूंनी त्या दिवशी भजी केली होती. गावातले सगळे पंखवाले जीव उजेडाला आले होते, जाळीत मावले तेवढे जाळीत आणि उरलेले भज्यांवर. ओव्याची म्हणून जी पानं आम्ही खात होतो त्यातली काही उडाली. खरे डास मात्र खाली, अंधारात, आमच्या पोटऱ्यांना शांतपणे लागले होते. सगळी सभा पाय आपटत आणि मांड्यांवर चापट्या मारत मशीनचं कौतुक करत होती.

सकाळी ताट रिकामं करायचं काम काकूंचं. त्या ते अंगणात झाडायच्या आणि कोंबड्यांना मेजवानी मिळायची. भुंगे, पतंग, पाकोळ्या, पंखवाल्या मुंग्या, हिरवे तुडतुडे. काकूंनी मला एकदा भिंतीवर ताट ठेवून दाखवलं. डास शोधावा लागत होता. मी आबांना जमेल तेवढ्या नम्रतेने म्हणालो की डासाला उजेडाचं एवढं आकर्षण नसतं, तो माणसाच्या श्वासावर आणि घामाच्या वासावर येतो, मशीनमध्ये मरतात ते बहुतेक बिचारे निरुपद्रवी. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, मच्छर नाजूक चीज हाय. तो जळून त्याची राख होती. राख कशी दिसंल?" ज्या अर्थी ताटात डास नाहीत, त्या अर्थी मशीन बिलकुल बराबर काम करून राह्यली होती.

कोंबड्या मात्र गुटगुटीत झाल्या. पहाटे त्या खुराड्यातून निघून थेट मशीनखाली येऊन माना वर करून उभ्या राहत. अंडी मोठी झाली हेही आबांनी मशीनच्या खात्यावर लिहिलं.

कौतिकरावांना हे सोसणं शक्य नव्हतं. त्यांनी तक्रार केली की आबांचा दिवा शिवारातले किडे गावात बोलावतो आणि वाटेतले निम्मे त्यांच्या ओट्यावर उतरतात. ती तक्रार कुणी मनावर घेईना, म्हणून त्यांनी आबांच्या मशीनपेक्षा मोठी मशीन आणली. तिचंही उद्घाटन झालं. अध्यक्ष म्हणून आबांनाच बोलावलं होतं आणि आबा गेलेही, कारण उद्घाटनाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. मग दोन्ही ओटे समोरासमोर चट्चट् करत बसायचे. ज्याच्याकडे जास्त आवाज होई तो समोरच्याकडे बघून मिशीवर हात फिरवायचा. गल्ली निळी झाली आणि डास होते तेवढेच राहिले.

महालक्ष्म्यांचा सण आला. आमच्याकडे या दिवसांत ज्येष्ठा-कनिष्ठा घरी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. जेवणाच्या दिवशी प्रमोद, स्नेहल आणि ओवी सकाळीच पुण्याहून येऊन पोचले. आबांनी आधीच फोनवर जाहीर केलं होतं, मशीन लावली आहे, एकही मच्छर उरला नाही, यंदा मुक्कामच. स्नेहल 'बघू' म्हणाली होती. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांना साड्या नेसवताना काकू मला म्हणाल्या, "देवी मुक्कामी राहती आपल्याकडं. लेकरू न्हाई राहत." एवढंच बोलल्या आणि पदराने डोळे पुसून पुरणाकडे गेल्या.

आबांनी मशीन भर दुपारी सुरू केली होती. उन्हात तिचा निळा उजेड दिसतही नव्हता. पुरणपोळी झाली, सोळा भाज्यांची भाजी झाली, जेवणं उरकून सगळे ओट्यावर टेकले होते. आबा सुनेला मशीनची माहिती देत होते. स्नेहल ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने स्वतःच्या दंडावर चापट मारली. दिवसाढवळ्या. आबांनी ते पाहिलं आणि मशीनचा विषय मोठ्या आवाजात पुढे नेला.

तेवढ्यात मागच्या अंगणातून ओवीची हाक आली. ती टाचा उंचावून त्या आडव्या फ्रिजमध्ये डोकावत होती. मीही प्रसादाचं ताट परत करायला भिंतीशी आलो होतो. तिच्या पुण्याच्या घरी काचेच्या टाकीत मासे होते, त्यामुळे तिला भारी आनंद झाला होता.

"आबा, तुमचे मासे किती छोटे आहेत," ती म्हणाली. "किती सारे आहेत."

आबा कौतुकाने जवळ गेले. नातीच्या शेजारी वाकून बघायला लागले. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी त्या पाण्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं. आतापर्यंत पाणी किती आहे एवढंच बघत आले होते. ओवी बोट दाखवत होती, हा बघा वाकडा झाला, हा बघा वर आला. पाण्याच्या कडेला एक काळा ठिपका नुसताच टेकून होता. बघता बघता त्याची पाठ उकलली. त्यातून पातळ पाय निघाले, मग पंख निघाले. तो जीव स्वतःच्याच सालीवर क्षणभर उभा राहिला आणि उडाला.

"आबा, उडतात पण," ओवी म्हणाली. आणि तो तिच्याच मनगटावर जाऊन बसला.

आबांनी हात मारला. हळूच मारला, पोरीला लागू नये म्हणून.

मागे स्नेहल येऊन उभी होती. तिने ओवीचा हात आपल्या हातात घेतला, मनगट चोळलं, आणि काही न बोलता आत जाऊन बॅग भरायला लागली. तिने चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं, भाषणाला भाषणाने उत्तर देता आलं असतं. प्रमोद किल्ली शोधत होता. काकू चुलीपाशी पाठ करून बसल्या. आबा फ्रिजपाशी उभे. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना, पण हलवेनाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

मग त्यांनी बादली घेतली. फ्रिज लोटून दिला असता तर काम झालं असतं, पण पाणी मातीत सांडणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यांनी बादली बुडवली आणि तुळशीला घातली. दुसरी मोगऱ्याला. मग पपईला, कढीपत्त्याला, कुंपणाच्या मेंदीला. आपली झाडं संपली तेव्हा भिंतीवरून माझ्या दोन जास्वंदींना. धोतर ओलं, कपाळावर महालक्ष्मीचं कुंकू ओघळलेलं. नारळ नाही, हार नाही, दोन शब्द नाहीत. बादली घेऊन ते गल्ली ओलांडून गेले आणि कौतिकरावांच्या लिंबोणीच्या आळ्यात ओतली. कौतिकराव ओट्यावरून उठून उभे राहिले. आबांना कुणाच्या झाडाला पाणी घालताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि स्वतःच्या झाडाला तर नाहीच.

स्नेहल बॅग घेऊन दारात आली तेव्हा फ्रिज निम्मा झाला होता आणि ड्रम, हौद, डोण सगळं बाकी होतं. आबांना धाप लागली होती. ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तू निघ, पोरी. अंधार पडंल. हे मी करून ठेवतो, पुढच्या टायमाला लेकरू आलं तर..."

तिने बॅग खाली ठेवली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि काकूंची घागर उचलली.

"आबा, ड्रमचं कुठे घालायचं ते सांगा," ती म्हणाली. "आणि सरांकडे मच्छरदाणी आहे का विचारा."

मच्छरदाणी माझ्याकडे होती. ती मी त्या संध्याकाळी भिंतीवरून दिली. मधल्या खोलीत ती बांधायला प्रमोद खुर्चीवर चढला आणि आबा खालून सूचना देत राहिले. ओट्यावरची मशीन कुणीतरी बंद केली होती. समोर कौतिकरावांची एकटीच चट्चट् करत होती.

पुढे हौदाला लाकडी झाकण आलं, ड्रमांच्या तोंडांना काकूंच्या जुन्या साड्या घट्ट बांधल्या गेल्या आणि आठवड्यातून एक दिवस आबा भांडी कोरडी करू लागले. त्या दिवशी ते फार चिडचिडे असत. आरोग्याच्या बायांना ते आता मागच्या अंगणात नेत आणि भांडी कोरडी करण्याचं महत्त्व त्यांनाच समजावून सांगत. काही महिन्यांनी माझी बदली झाली. पण आबांचं मी मनात जपलेलं चित्र त्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं आहे.

मी दात घासत भिंतीशी उभा होतो. फ्रिज रिकामा होऊन उन्हात तोंड उघडं टाकून पडला होता. कोंबड्या बंद मशीनखाली माना वर करून ताटकळत होत्या. दारात प्रमोदची गाडी होती, तिच्या काचांवर रात्रीचं दव तसंच. आबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. दवाला हात लावला नाही. मग गल्लीच्या बाजूने, सगळ्यांना दिसतील असे, बोनेटला टेकून उभे राहिले.

समोरून कौतिकराव ओट्यावर आले. त्यांनी गाडी पाहिली, दव पाहिलं, आबांना पाहिलं.

"पाव्हणे मुक्कामी व्हते का, आबा?"

आबांनी छाती काढली. मी चूळ भरायचा थांबलो, म्हटलं आता दोन शब्द होणार. त्यांनी तोंड उघडलं, आत झोपलेल्या पोरीकडे एकदा वळून बघितलं आणि आवाज खाली आणला.

"व्हते," ते म्हणाले. "हळू बोला. लेकरू झोपलंय."